बुरशीतून कोलेस्टेरॉल रोखणारी संयुगं कशी शोधायची: नमुन्यापासून शुद्ध रेणूपर्यंत

बुरशीच्या अर्कांची रांग लावून एखाद्या एन्झाइमवर चाचणी घेतली, की त्यातले काही अर्क त्या एन्झाइमचं काम मंदावणार हे जवळजवळ ठरलेलंच असतं. मेदाम्लं, टॅनिनसारखी संयुगं, रंगद्रव्यं, माध्यमातले क्षार, कुणी ना कुणी खोडा घालतंच. खरं काम त्यापुढचं आहे. हा अडथळा नेमका कुठल्या पायरीवर येतोय आणि तो कामाचा आहे की नुसता गोंधळ, हे लवकरात लवकर ठरवता आलं पाहिजे.

१९७६ साली दोन गटांनी एकाच रेणूबद्दल लिहिलं. इंग्लंडमधल्या बीचम कंपनीच्या गटाला तो पेनिसिलियम ब्रेविकॉम्पॅक्टममध्ये मिळाला. त्यांनी त्याची ओळख बुरशीरोधक म्हणून करून दिली आणि ‘कॉम्पॅक्टिन’ हे नाव दिलं. जपानमध्ये सांक्यो कंपनीत आकिरा एंडो यांना तोच रेणू पेनिसिलियम सिट्रिनममध्ये १९७३ मध्येच मिळाला होता, पण त्यांची चाचणीच कोलेस्टेरॉल तयार होणं थांबतंय का हे विचारणारी होती. पहिलं स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांचा वर्ग) म्हणून हा रेणू एंडोंच्या नावावर जमा झाला. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा चाचणीला दिली आहे. बुरशी वाढवण्याची कला बऱ्याच जणांकडे असते.

आधी लक्ष्य ठरवा

कोलेस्टेरॉलचा मार्ग लांबलचक आहे, सुमारे तीस अभिक्रियांचा. सगळा पाठ असायची गरज नाही, मोजके टप्पे डोळ्यांसमोर हवेत. ॲसिटिल-कोएपासून एचएमजी-कोए बनतं. एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम त्याचं मेव्हॅलोनेट करतं, आणि संपूर्ण मार्गाचा वेग मुख्यतः इथेच ठरतो. पुढे फार्नेसिल पायरोफॉस्फेट, मग स्क्वालीन, लॅनोस्टेरॉल आणि शेवटी कोलेस्टेरॉल. बुरशीत हाच मार्ग शेवटी वळून अर्गोस्टेरॉलवर संपतो.

यातल्या बऱ्याच टप्प्यांना अडवणारं काहीतरी बुरशीने बनवलेलं आहे. एचएमजी-कोए सिंथेजला रोखणारं हायमेग्लुसिन स्कोप्युलॅरिऑप्सिसच्या एका जातीत मिळतं. रिडक्टेजला रोखणारी कॉम्पॅक्टिन आणि लोव्हास्टॅटिन. स्क्वालीन सिंथेजला रोखणारी झारागोझिक आम्लं, म्हणजेच स्क्वालेस्टॅटिन, ही १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आली. पायरीपायरोपीन नावाची संयुगं ॲस्परजिलस फ्युमिगेटसमधली, पण ती कोलेस्टेरॉलचं उत्पादन थांबवत नाहीत. तयार कोलेस्टेरॉलचं एस्टर बनवणारं एन्झाइम ती अडवतात. तुमची चाचणी यातलं नेमकं काय पकडणार आहे, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा.

लक्ष्य निवडताना फाटा कुठे फुटतो हेही बघा. फार्नेसिल पायरोफॉस्फेटपासून युबिक्विनोन, डोलिकॉल आणि प्रथिनांना जोडली जाणारी मेदाची शेपटं बनतात. रिडक्टेज अडवलं की या सगळ्यांचा पुरवठा कमी होतो. स्क्वालीन सिंथेज फाट्याच्या पुढे आहे, त्यामुळे कागदावर ते जास्त सुटसुटीत लक्ष्य वाटतं. प्रत्यक्षात औषध म्हणून बाजी मारली ती स्टॅटिननीच. तेव्हा कागदावरच्या सुटसुटीतपणावर फार विसंबू नका.

नमुने आणि परवानग्या

एंडोंचा तर्क साधा होता. काही सूक्ष्मजीवांना जगायला स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जातकुळीतले रेणू, लागतात, तेव्हा त्यांच्याशी स्पर्धा करणारी बुरशी स्टेरॉलचा मार्ग तोडणारं रसायन बनवत असेल. याच तर्कावर १९७१ पासून पुढची दोन वर्षं त्यांच्या गटाने सुमारे ६,००० जाती तपासल्या. कामी आलेली बुरशी क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची होती. झारागोझिक आम्लांपैकी एक देणारी बुरशी स्पेनमधल्या झारागोझा भागात, हालोन नदीच्या पाण्यात सापडली. म्हणजे दुर्गम जंगल हवंच असं नाही. जिथे बुरशीला शेजाऱ्यांशी झगडावं लागतं अशा जागा बघा: कुजणारा पाला, शेण, साठवणीतलं धान्य, झाडाच्या पानाखोडाच्या आत राहणाऱ्या बुरशा, समुद्री स्पंज.

प्रत्येक नमुन्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, कशावर वाढत होती आणि कुणाच्या परवानगीने घेतला, हे नोंदवा. जैविक संसाधनांचा वापर आणि त्यातून होणाऱ्या लाभाचं वाटप यासाठी नागोया करार २०१० मध्ये झाला आणि २०१४ पासून लागू आहे. परवानगीचा कागद नंतर मिळवू म्हणणाऱ्यांचं काम पेटंटच्या किंवा प्रकाशनाच्या टप्प्यावर अडकतं.

वेगळी करणं, ओळखणं, जपणं

हा भाग बहुतेकांना येतो, म्हणून थोडक्यात. नमुन्याचं क्रमाने विरलन करा आणि क्लोरॅम्फेनिकॉल घातलेल्या रोझ बेंगाल अगारवर पसरवा. जिवाणू मागे पडतात आणि भराभर पसरणाऱ्या बुरशाही आवरतात. वेगळी दिसणारी प्रत्येक वसाहत बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर नेऊन एका बीजाणूपासून शुद्ध करा. ओळखीसाठी डीएनएचा आयटीएस भाग वाचून घ्या. पेनिसिलियम आणि ॲस्परजिलसच्या बाबतीत तेवढ्याने जात ठरत नाही, तिथे बीटा-ट्युब्युलिन आणि कॅलमोड्युलिनची जनुकंही वाचावी लागतात.

जपणुकीत मात्र कंजुषी नको. शुद्ध झाल्या झाल्या २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर एकापेक्षा जास्त नळ्या ठेवा. पुन्हा पुन्हा थाळीवर उतरवत राहिलं की बऱ्याच बुरशा संयुग बनवणंच सोडून देतात.

सुरक्षिततेचं एकदाच सांगतो. ॲस्परजिलस फ्युमिगेटस फुप्फुसात घुसू शकते, अनेक बुरशा विषं बनवतात. बीजाणू उडतील असं प्रत्येक काम जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये करा. कुठलाही अर्क स्वतःवर आजमावून बघायचा नाही, ‘नैसर्गिक आहे’ म्हणून तर मुळीच नाही.

वाढवणं आणि अर्क काढणं

एकाच माध्यमावर वाढवून ‘या बुरशीत काही नाही’ असा निकाल देऊ नका. संयुगं बनवणाऱ्या जनुकांचे बरेच गट नेहमीच्या परिस्थितीत निजलेले असतात. प्रत्येक जातीसाठी निदान तीन माध्यमं ठेवा: एक साखर भरपूर असलेलं द्रव, एक नायट्रोजन कमी असलेलं द्रव आणि एक घन, म्हणजे निर्जंतुक केलेलं धान्य. तापमान २५ ते २८ अंश. द्रव माध्यमं शेकरवर, घन स्थिर. सातव्या आणि चौदाव्या दिवशी दोन्ही वेळा नमुना काढा. बुरशी न घातलेलं कोरं माध्यमही तितकेच दिवस ठेवा आणि त्याचाही अर्क काढा. हा कंट्रोल नसेल, तर माध्यमातल्याच एखाद्या पदार्थाच्या मागे महिने जाऊ शकतात.

अर्क काढताना द्रव आणि बुरशीचा गोळा दोन्ही घ्या. द्रवाचा सामू ३ ते ४ पर्यंत खाली आणून इथाइल ॲसिटेटने हलवा. आम्ल रूपातली संयुगं प्रभाररहित होऊन वरच्या थरात येतात. थर वाळवून, वजन करून, डीएमएसओ या द्रावकात ठरावीक प्रमाणात विरघळवा.

स्टॅटिन शोधणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. लोव्हास्टॅटिन आणि कॉम्पॅक्टिन बंद कड्याच्या लॅक्टोन रूपात असतात किंवा कडं उघडलेल्या हायड्रॉक्सी-आम्ल रूपात. एन्झाइमच्या खोबणीत बसतं ते उघडलेलं रूप, कारण ते एचएमजीसारखं दिसतं. लॅक्टोन तसंच शुद्ध एन्झाइमवर टाकलं तर जवळजवळ काहीच होत नाही. शरीरात आणि पेशींत ते उघडलं जातं, चाचणीच्या नळीत ते उघडणारं कुणी नसतं. त्यात अर्क आम्लात ठेवला की उघडी कडीही बंद होऊ लागतात. तेव्हा अर्काचा एक भाग सौम्य अल्कलीत, म्हणजे ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, ५० अंशांवर तास-दोन तास ठेवा आणि मग सामू ७.२ च्या आसपास आणा. दुसरा भाग जसाच्या तसा राहू द्या. चाचणी दोन्हींची घ्यायची. सगळेच अर्क अल्कलीतून काढले तर हायमेग्लुसिनसारखी संयुगं हातची जातील. त्याच्यातलं चार अणूंचं नाजूक लॅक्टोन कडं हेच त्याचं हत्यार असतं, आणि अल्कलीत ते फुटतं.

चाचणी: दोन प्रश्न, त्याच क्रमाने

एंडोंच्या चाचणीची रचना आजही शिकण्यासारखी आहे. उंदराच्या यकृताचा अर्क घ्यायचा, त्यात कोलेस्टेरॉलच्या मार्गाची सगळी यंत्रसामग्री असते. त्यात किरणोत्सारी कार्बन असलेलं ॲसिटेट घालायचं आणि स्टेरॉलमध्ये किती किरणोत्सार पोहोचला ते मोजायचं. आकडा घटला तर बुरशीच्या अर्काने कुठेतरी अडवलंय. हा पहिला प्रश्न.

दुसऱ्या नळीत ॲसिटेटऐवजी किरणोत्सारी मेव्हॅलोनेट घालायचं. आता स्टेरॉल व्यवस्थित बनत असतील, तर अडथळा मेव्हॅलोनेटच्या आधी आहे. आताही बनत नसतील, तर अडथळा पुढे आहे किंवा अर्क सरसकट विषारी आहे. अडथळा मेव्हॅलोनेटच्या आधी निघाला, तर तो ॲसिटिल-कोए बनण्यातच नाही ना हे तपासायला त्याच ॲसिटेटपासून मेदाम्लं बनतात का हे बघा. मेदाम्लं नेहमीसारखी आणि स्टेरॉल घटलेले, म्हणजे ॲसिटिल-कोए बनण्यात अडचण नाही. उरतात एचएमजी-कोए आणि त्याच्या आसपासची एन्झाइमं. दोन-तीन नळ्यांत तीस अभिक्रियांमधून दोन-तीनवर येता येतं.

किरणोत्सारी पदार्थांचा परवाना नसेल तर शुद्ध एन्झाइमवर काम करा. मानवी रिडक्टेजचा क्रियाशील भाग जिवाणूंकडून बनवून घेता येतो. अभिक्रियेत एका एचएमजी-कोएमागे दोन एनएडीपीएच (हायड्रोजन पुरवणारा सहायक रेणू) खर्च होतात, आणि एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरवर प्रकाश शोषतं. शोषण घटण्याचा वेग म्हणजेच एन्झाइमचा वेग. एनएडीपीएचचा मोलर शोषणांक ६,२२०, त्यामुळे ०.२ मिलिमोलर द्रावणाचं शोषण एक सेंटिमीटर मार्गात १.२४ च्या आसपास यायला हवं. ते येत नसेल तर एनएडीपीएच शिळं झालंय. ते बदला, पुढे जाऊ नका.

एक हिशोब करून बघू. अर्काविना एन्झाइमचा उतार मिनिटाला ०.०२०. एन्झाइमविना ०.००२. अर्कासोबत ०.००६. एन्झाइमचा खरा वेग ०.०१८, अर्कासोबत उरला ०.००४, म्हणजे सुमारे ७८ टक्के अटकाव. पण यात एक गृहीत दडलंय, की अर्क स्वतः एनएडीपीएचला हात लावत नाही. बुरशीच्या अर्कात दुसरी एन्झाइमं किंवा क्विनोन असतील तर ती एनएडीपीएच परस्पर खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक अर्काचा स्वतःचा एन्झाइमविना ब्लँक हवा. गडद पिवळे-लाल अर्क ३४० वर इतकं शोषतात की यंत्राला खाली काही दिसतच नाही. ते विरळ करून पुन्हा मोजा.

प्लेटवर शेकडो अर्क तपासण्याआधी चाचणीचा दर्जा तपासा. शुद्ध लोव्हास्टॅटिन आम्ल आणि नुसतं डीएमएसओ अशा दोन टोकांची अनेक घरं भरा. दोन्हींच्या प्रमाण विचलनांची बेरीज करा, तिची तिप्पट दोन्ही सरासरींमधल्या फरकाने भागा आणि येणारा आकडा १ मधून वजा करा. उत्तर ०.५ च्या वर असेल तरच मोठी तपासणी सुरू करा. डीएमएसओ सगळीकडे सारखं आणि एक टक्क्याच्या आत ठेवा.

स्वस्तातला आणखी एक मार्ग म्हणजे न्यूरोस्पोरा किंवा कॅन्डिडाच्या थाळीवर अर्काचे थेंब ठेवून वाढ न झालेलं वर्तुळ बघणं. स्टॅटिन बुरशीचंही अर्गोस्टेरॉल रोखतं, त्यामुळे वर्तुळ दिसतं. पण ते कुठल्याही बुरशीरोधकाने दिसतं. माहीत असलेली लोव्हास्टॅटिन बनवणारी जात कधी किती बनवते हे बघायला ही पद्धत छान आहे. नव्या शोधाचा पाया म्हणून मी तिच्यावर भिस्त ठेवणार नाही.

खोटे विजेते बाजूला काढा

आता हातात काही अर्क उरले. त्यातले बहुतेक निकामी आहेत असं धरूनच चाला. चाचणीत ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं द्रव्य) घाला. अटकाव नाहीसा झाला तर तुमचं ‘संयुग’ पाण्यात गोळे करून एन्झाइमला चिकटवून ठेवत होतं. डीटीटी (स्वतः सल्फरगट असलेलं रसायन) वाढवल्यावर अटकाव गेला तर ते एन्झाइमच्या सल्फरगटांशी अंदाधुंद प्रतिक्रिया करणारं आहे. एनएडीपीएच वापरणारं अगदी वेगळं एन्झाइम, उदाहरणार्थ ग्लुटाथिओन रिडक्टेज, घेऊन त्यावरही अर्क टाका. तेही अडलं तर निवड नाही. एकाच प्रमाणावर समाधान मानू नका. प्रमाण निम्मं-निम्मं करत नेलं की अटकाव क्रमाने उतरला पाहिजे.

जुनंच तर सापडलं नाही ना?

शुद्धीकरणात आठवडे घालवण्याआधी अर्क एलसी-एमएसवर, म्हणजे घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, चालवा. एक प्रोटॉन जोडलेल्या रूपात कॉम्पॅक्टिन ३९१.२४८ ला दिसतं, लोव्हास्टॅटिन ४०५.२६४ ला, आणि सोडियम जोडलेलं लोव्हास्टॅटिन ४२७.२४५ ला. दोन्हींचं अतिनील शोषण २३८ नॅनोमीटरच्या शिखराने आणि दोन बाजूंच्या खांद्यांनी ओळखू येतं. २५१.०९१ चं वस्तुमान दिसलं तर सिट्रिनिनचा संशय घ्या. एंडोंच्या गटाला पहिल्यांदा रिडक्टेजला रोखणारं मिळालं ते हेच, पिथियम अल्टिममच्या कल्चरमधून. मूत्रपिंडाला विषारी म्हणून ते सोडावं लागलं.

ज्ञात संयुग निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, चाचणी बरोबर आहे याचा तो पुरावा आहे. मर्क या औषध कंपनीच्या गटाने १९७८ मध्ये ॲस्परजिलस टेरियसमधून लोव्हास्टॅटिन काढलं. एंडोंनी त्याच काळात मोनॅस्कस रुबरमधून मोनॅकोलिन के काढलं. दोन्ही एकच रेणू निघाले. वेगवेगळ्या बुरशा तोच रेणू बनवतात, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसतं.

इथे जनुकांची मदत होते. स्टेरॉलचा मार्ग अडवणारं रसायन बनवणाऱ्या बुरशीला स्वतःलाही त्यापासून वाचायचं असतं. ॲस्परजिलस टेरियसमध्ये लोव्हास्टॅटिनच्या जनुकगटातच रिडक्टेजची एक जादा प्रत आहे, पेनिसिलियम सिट्रिनममध्ये कॉम्पॅक्टिनच्या गटातही तसंच. म्हणून नव्या बुरशीचा जीनोम वाचून झाला की अँटिस्मॅशसारख्या साधनाने संयुगांचे जनुकगट काढा आणि त्यांच्या शेजारी स्टेरॉल मार्गातल्या एन्झाइमची दुसरी प्रत बसलीय का ते बघा. बसली असेल, तर त्या गटाचं संयुग कुठे मारा करतं याचा अंदाज रेणू हातात येण्याआधीच बांधता येतो. आता सुरुवात करणाऱ्याला मी हाच रस्ता चाचणीच्या जोडीने धरायला सांगेन.

शुद्धीकरण

सिलिका स्तंभ, मग सेफाडेक्स एलएच-२०, मग सी-१८ एचपीएलसी, हा नेहमीचा क्रम. प्रत्येक टप्प्यावर सगळ्या अंशांची, म्हणजे स्तंभातून वेगवेगळ्या उतरलेल्या भागांची, चाचणी घ्या आणि एकूण क्रियाशीलतेचा ताळेबंद ठेवा. एक एकक म्हणजे चाचणीत ५० टक्के अटकाव करायला लागणारं प्रमाण, अशी व्याख्या करून टाकली की मोजदाद सोपी होते. स्तंभावर १,००० एककं चढवली आणि सगळे अंश मिळून ९० च उतरली, तर अंश एकत्र मिसळून पुन्हा मोजा. क्रिया परत आली तर दोन घटक मिळून काम करत होते. नाही आली तर संयुग सिलिकावर तुटलं किंवा अडकलं, नाहीतर कडं बंद झालं. तिसऱ्यासाठी अल्कलीची पायरी पुन्हा करून बघा.

काही मिलिग्रॅम शुद्ध झालं की उच्च विभेदनाचं वस्तुमान आणि एक-दोन मितींचं एनएमआर घ्या. स्फटिक मिळाले तर क्ष-किरणांनी अवकाशीय रचना पक्की होते. कॉम्पॅक्टिनची तशीच झाली.

बंध किती घट्ट, आणि पेशीत काय घडतं

कॉम्पॅक्टिन आम्लाचा अटकाव स्थिरांक नॅनोमोलरच्या घरात आहे, तर एचएमजी-कोएची गरज मायक्रोमोलरमध्ये. इतक्या घट्ट बंधात नेहमीचा हिशोब चकवतो. चाचणीत एन्झाइम २० नॅनोमोलर असेल तर ५० टक्के अटकावाचं प्रमाण १० नॅनोमोलरच्या खाली जाऊच शकत नाही, रेणू कितीही जालीम असला तरी. एन्झाइम कमी करत न्या, किंवा घट्ट बंधासाठीचं मॉरिसन समीकरण वापरा. एचएमजी-कोए वाढवल्यावर अटकाव ढिला पडतो का आणि एनएडीपीएच वाढवल्यावर काय होतं, हे वेगवेगळं तपासा. स्टॅटिन पहिल्याशी स्पर्धा करतात, दुसऱ्याशी नाही.

पेशींसाठी हेपजी२ (मानवी यकृताच्या कर्करोगातून आलेल्या पेशी) घ्या आणि लिपोप्रोटीन (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) काढून टाकलेल्या सीरममध्ये वाढवा, नाहीतर पेशी बाहेरचंच कोलेस्टेरॉल उचलतात. संयुगाने पेशी मरू लागल्या तर माध्यमात मेव्हॅलोनेट घाला. त्याने पेशी सावरल्या तर मारा खरोखर रिडक्टेजवर किंवा त्याच्या आधी आहे. नाही सावरल्या तर रेणू आणखी काहीतरी करतोय.

प्राण्यांवरचे प्रयोग नैतिक समितीच्या मंजुरीनंतरच, आणि प्राणी निवडताना कॉम्पॅक्टिनची कथा लक्षात असू द्या. उंदरांवर ते फसलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलंच नाही, कारण अडवलेलं रिडक्टेज उंदराचं यकृत कित्येक पटींनी जास्त बनवू लागतं, आणि उंदराच्या रक्तात एलडीएल मुळातच थोडं असतं. प्रकल्प तिथेच गुंडाळला जायचा. एंडोंनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला, कारण अंड्यासाठी त्यांच्या शरीरात भरपूर कोलेस्टेरॉल बनतं. तिथे आकडा खाली आला, पुढे कुत्र्यांत आणि माकडांतही. एन्झाइमवर आणि पेशींत ठाम दिसलेला निकाल एका प्राण्यात दिसला नाही, तर रेणू टाकून देण्याआधी त्या प्राण्याचं यकृत काय करतं हे वाचा.

कॉम्पॅक्टिन स्वतः औषध झालं नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती लोव्हास्टॅटिनला. पण कॉम्पॅक्टिनचा रेणू दुसऱ्या सूक्ष्मजीवाला खाऊ घालून त्यावर एक हायड्रॉक्सिल गट बसवता येतो, आणि त्यातून प्रावास्टॅटिन मिळतं. तेव्हा जिची निवड झाली ती जात आणि जी थोडक्यात मागे राहिली ती, दोन्हींच्या नळ्या फ्रीझरमध्ये असू द्या, सोबत कुठलं माध्यम, कितवा दिवस आणि कोणता अंश याची नोंदही.